अहवाल : सन्मती मगदूम

शेवटून पहिले आलो, म्हणून पहिली निवड आमची.
जिल्हा लीगचा नियमच तसा,
सगळ्यात जास्त हरला त्यानं आधी हात घालायचा.
इंगवले आप्पा म्हणाले, "तू बघून ये पोरगं.
पण उंचीला भुलू नको.
उंच तर विजेचा खांबबी असतोय."

म्हणून तीन संध्याकाळी मी
मंगळवार पेठेतल्या कोर्टाच्या कठड्यावर, मांडीवर वही.
पलीकडच्या मैदानात फुटबॉलचा कल्लोळ.
या गावात चेंडू पायाचा.
हातात घेऊन चाललं की लोक थांबवून विचारतात, बरं हाय न्हवं?
आणि सहा फूट नऊ इंचांचा पोरगा दिसला
की विचारतात, कुठल्या तालमीचा?

सन्मती मगदूम, कुरुंदवाडचा. वय एकोणीस.
पळतो भरलेल्या ट्रॉलीसारखा :
निघायला वेळ, थांबायला त्याहून जास्त.
फ्री थ्रो दहात चार.
पण रिंगखाली उभा राहिला
की आत घुसणारा शहाणा माणूस
बाहेरच्या बाहेर वळतो.
हे आकड्यांत येत नाही.
न मारलेल्या बास्केटचा रकाना कुणी आखत नाही.

आता आमच्याकडे काय उरलंय.
दोघं रेल्वेत लागले, एक पुण्याला,
मुल्लाणीचा खांदा गेला.
राहिला हर्षद बोंगाळे, साडेपाच फुटांचा,
पास देऊन मागं न बघणारा,
आणि चार कॉलेजची पोरं, अजून हरल्यावर रडणारी.
अशांत हा ठेवायचा कुठं?
मधोमध उभा केला तर हर्षदची वाट अडते.
बाजूला काढला
तर देव्हाऱ्यात न मावलेल्या मूर्तीसारखा
ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी एक दिसलं.
पास कितीही वाकडा येवो,
त्याच्या तळव्यात आवाज होत नाही.
चेंडू येतो तसे हात जरा मागं जातात
आणि आपण बघेपर्यंत चेंडू पुढच्याकडे.
विचारलं, कुणी शिकवलं?
लाजला.
"भट्टीवर, सर. विटा झेलायच्या.
कडक हात धरला की बोटं फुटत्यात.
आन् धरून बसायचं न्हाई, मागनं दुसरी येतीया."

इथं भिंतीची उपमा सहज सुचते, पायाची तर फारच.
लिहिली नाही. आप्पांना उपमा चालत नाहीत.
लिहिलं एवढंच :
झेल मऊ. सोडतो लवकर.
यानं बोर्डावरून काढायचा, हर्षदनं पळायचं,
मग याला पळावं लागतंच कशाला?

तिसऱ्या दिवशी बाप आला, एम-एटीवरून.
गाडी बंद न करताच म्हणाला,
"पोलिसात लागंल का हो, ह्याच्यावर?"
मी म्हणालो, बघू.
मलाही कुणीतरी एकोणिसाव्या वर्षी म्हणालं होतं, बघू.

मग पोरगं पायऱ्या उतरलं.
सातच पायऱ्या.
आडवा होऊन, कठडा धरून,
डावा पाय खाली, मग उजवा तिथंच.
तळाशी पोचल्यावर इकडंतिकडं बघून
एकदा गुडघा चोळला.
ही उतरण माझ्या ओळखीची आहे.
मी तिशीत शिकलो ती.

रात्री अहवाल लिहायला बसलो.
निवडावा.
दोन वर्षं हरायची तयारी असेल तर निवडावा.
पहिल्या वर्षी पंधरा मिनिटांवर खेळवू नये,
जिंकत असलो तरी. जिंकत असलो तर मुळीच नाही.
त्याखाली : पायऱ्या आडवा उतरतो.
खोडलं.

आप्पांनी वाचलं तर पोरगं परत भट्टीवर.
नाही वाचलं तर पंधरा नंबरचा शर्ट, चाळीस मिनिटं,
आणि गॅलरीतून लोकांची आरोळी, उडी मार, उडी.

बाहेर कुणीतरी जिंकलेलं, फटाके लावत होते.
खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात,
आणि पुढं
माझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांचा नंबर.