वीत

अंबडच्या शेडमध्ये सकाळी साडेआठला
मी टेबलावर डेनिमचे चाळीस थर पसरतो,
तळहाताने सुरकुती बाहेर ढकलत.
तीस वर्षं खडू चालवला या हाताने.
आता खडू खिशात असतो, सवयीने,
आणि कुठे कापायचं ते पडदा सांगतो.

तन्वीर मालेगावचा. त्याच्या अम्मीने
लूमच्या खडखडाटात कांड्या भरल्या,
म्हणून तो अजूनही जरा मोठ्यानेच बोलतो.
प्रोग्राम त्याचा. कपडे आखले ऋजुताने:
शिवण तिरकी, खिसा पाठीच्या उरल्या कोपऱ्यातून,
कॉलर बाहीच्या पोटात झोपलेली.
पडद्यावर तुकडे फिरतात, सरकतात,
लग्नघरात रात्री पाहुणे
एकाच सतरंजीवर जागा करून घेतात तसे.
पूर्वी शंभर मीटरला सोळा मीटर कात्रण जायचं.
आता साडेतीन.
एका पँटीला किती पाणी लागतं, ऋजुता सांगत होती;
मी मनात गंगापूर धरण बघत होतो,
मे महिन्यातलं.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते.
आम्ही शिंपी. वाया गेलेली चिंधी दिसली
की माझ्या बापाचा घास अडायचा.

सोमवारी सुगंधाबाई आल्या, गोणी घेऊन,
नेहमीसारख्या मागच्या दाराने.
सातपूरहून बस, पुढे पायी.
कात्रणाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला
आणि वर आल्या बोटाएवढ्या पट्ट्या,
माशाच्या काट्यांसारख्या.
"मास्तर, याची गोधडी नाय होत.
वळली तर वात होईल."

ऋजुताने त्यांना पडद्यासमोर बसवलं, समजावलं,
पाणी, रंग, कचरा डेपो, सगळं.
त्या ऐकत होत्या. खरंच ऐकत होत्या.
"चांगलं काम करतीयस पोरी," म्हणाल्या,
"सगळ्यांना बसवलंस. एवढी बाही, एवढा खिसा.
माझी गोणी तेवढी बघ कुठं बसते का."

पंखा फिरत राहिला.
तन्वीर पहिल्यांदा हळू बोलला:
"किती मोठा तुकडा लागतो?"
त्यांनी टेबलावर हात टाकला.
अंगठा, करंगळी, मधे ताणलेली कातडी,
सुईने टोचून टोचून काळी पडलेली टोकं.
मी टेप लावला. पावणेआठ इंच.

त्या रात्री त्याने एक अट लिहिली:
उरेल ते विखरून उरू नये, एका जागी उरावं,
आणि वितीहून लहान उरू नये.
यंत्राला जड गेलं. पहाटेपर्यंत घरघरत होतं.
साडेतीनचे चार झाले.
ग्राहकाचं पत्र आलं, हा अर्धा कशासाठी?
ऋजुताने तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं,
शेवटी नुसता गोधडीचा फोटो पाठवला.
त्यावर अजून काही कळलेलं नाही.

काल लागलेला पोरगा विचारतो,
"मास्तर, इंच समजलं, सेंटिमीटर समजलं.
हे 'सुगंधा' कसलं माप आहे?"
आधी थर सरळ कर, म्हटलं.
मग बुधवारी गंगेवर ये, बाजाराला.
निळे चौकोन उन्हात पसरून
एक बाई बसलेली असेल, गिऱ्हाइकाशी भांडत.
तिच्या हाताकडे बघ.