हलू नकोस

तळघर, दोन नंबरचं मशीन, गुरुवारची पहिली वेळ.
मर्विन फोर्टइन, वय एकोणीस, रॉसनविलजवळचा द्राक्षमळा.
पत्त्याच्या रकान्यात मळ्याच्या मालकाचं आडनाव,
घराला नंबर नाही.
आमच्याही नव्हता.

लायटर, नाणी, गळ्यातला पितळी क्रॉस
ट्रेमध्ये ठेवले त्याने एकेक करून,
जणू परत मिळणार नाहीत.
मी फॉर्म वाचत गेले, तो छताकडे बघून उत्तरं देत गेला.
टिक? तेराव्या वर्षापासून. आता? अकरा आठवडे नाही.
दारू?
हसला. "कुठून मोजू, आन्टी?
मी पोटात होतो तेव्हा आई द्राक्षं तोडत होती."

त्याच्या आजोबांना मजुरीत पैसे थोडे मिळायचे, वाइन जास्त.
माझ्या वडिलांनाही.
पत्र्याचा मग, दिवसातून चार-पाच खेपा, रांगेत उभं राहून.
कायद्याने बंद झालं ते. मग बऱ्याच वर्षांनी खरंच बंद झालं.
रांग मात्र आमच्या आत कुठेतरी उभीच राहिली.
कुणाचं बाळकडू कडू असतं.
आमचं आंबट होतं.

"हलू नकोस," मी माइकवरून म्हटलं. "चाळीस मिनिटं."

लोक हलतात. नाकाला खाज येते, खोकला येतो,
तुलनेसाठी झोपवलेले धडधाकट विद्यार्थीसुद्धा हलतात
आणि पडद्यावर सगळं पाण्यात पडलेल्या शाईसारखं होतं.
मशीन ठोकत होतं,
रात्री पत्र्याच्या दारावर कुणी ठोकावं तसं,
आणि मर्विन हलला नाही.

इतकं स्वच्छ चित्र वर्षातून एखादंच येतं.
करडं, पांढरं, घडीवर घडी.
कानाच्या रेषेत आत, समुद्रघोड्याच्या आकाराची ती जागा,
कालचा दिवस उद्यासाठी जिथे ठेवला जातो.
डावीकडची मला बारीक वाटली. उजवीकडचीही.
मला काय वाटतं याला अर्थ नाही,
मोजायचं काम कॉम्प्युटरचं, आणि तेही चारशे जणांच्या सरासरीत.
सरासरीला आई नसते.

डॉक्टर फेनस्त्रा म्हणतात, आधी काय झालं ते चित्र सांगत नाही.
टिकने झिजवलं,
की झिजलेल्यालाच टिक गोड लागली,
की या दोन्हींच्या आधीचं काही,
पगाराच्या रात्रीचं.
पाणी ओसरल्यावर नदीचा फोटो दाखवायचा
आणि विचारायचं, पूर कुठल्या ओढ्याने आणला?

जुलैत माझे वडील वेली छाटायचे.
थंडीने निळे पडलेले हात, आणि एकही काडी चुकायची नाही.
पोर वयात येताना मेंदूही छाटणी करतो म्हणे,
जे वापरात नाही ते काढून टाकतो.
मर्विनचं काय होतं वापरात?
पावलांवरून माणूस ओळखणं.
खोकल्यावरून ओळखणं, बाटली किती रिकामी झालीय.
गणिताची काडी गेली असेल.
ही राहिली.

बाहेर आल्यावर मी विचारलं. विचारायचं नसतं, तरी.
इतका स्थिर पडायला कुठे शिकलास?
"पलंगाखाली," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला.
"हललो की सापडायचो."

माझ्या वर्षभरातल्या सर्वांत सुरेख चित्राचं श्रेय
कुणाला द्यायचं ते मला कळेना.

तो गेला आणि क्रॉस ट्रेमध्येच राहिला.
मी जिना चढून धावले.
टॅक्सीच्या थांब्याकडे उन्हात चालला होता, खांदे आवळून.
मागून हाक मारली, "मर्विन!"
वळला नाही. पळाला नाही.
जागच्या जागी थिजला,
एक पाय फुटपाथवर, एक खाली.

चूक माझी. मला कळायला हवं होतं.
मी लांबून वळसा घातला,
टपाल पेटीच्या पलीकडून, सावकाश,
चप्पल मुद्दाम वाजवत,
आणि समोरून आले, त्याला दिसेन अशी,
तळहात उघडा, त्यात क्रॉस.