रेषा नेमकी कुठून

टॅबलेट पुढे केला, म्हटलं, ही तुमची गल्ली.
किनुएबाईंनी चष्मा पुसला.
"आमचं घर पिवळं की गुलाबी?"

पिवळं म्हणजे गुडघ्याखाली पाणी.
गुलाबी म्हणजे माळ्यापर्यंत.

दोन बोटांनी नकाशा ताणला.
रेषा त्यांच्या स्वयंपाकघरातून गेली होती.

तामोत्सु उठले. जन्मभर सुतारकी केलेला माणूस,
पडद्यावरूनच माप घेतलं,
जमिनीवर निळी चिकटपट्टी मारली
सिंकपासून मागच्या दारापर्यंत.
मग पूर्वजांचा देव्हारा पिवळ्यात,
तांदळाचा डबा पिवळ्यात,
औषधं, बँकेचं पुस्तक.
भाताचा कुकर गुलाबीतच राहिला,
प्लग तिकडे होता.

नकाशाचा एक चौकोन म्हणजे पाच मीटर,
हे नगरपालिकेत आम्हाला शिकवलेलं.
पाणी काही पट्टीपाशी थांबून
चपला काढणार नव्हतं.
सांगायला तोंड उघडलं
तर बाईंनी हातात चहा दिला,
"इकडे सरका, कोरड्यात बसा."

सरकलो.

क्यूशूतल्या त्या नदीत तेव्हा
घोटा बुडेल इतकंही पाणी नव्हतं.

रात्री माझ्याच घराचा पत्ता टाकला.
दोन बोटं काचेवर टेकवली,
ताणली नाहीत.