मापाडी

नडगीवर आधी पुळी आली, मुगाएवढी.
गोणीत राहिलेला दाभण लागला असेल,
म्हणून हळद दाबली आणि काट्याशी उभा राहिलो.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
तीस वर्षं दुसऱ्याचं वजन सांगतोय.
चुकलं नाही कधी.

आठवड्यात मुगाचा रुपया झाला,
मग तळहात.
कोपरखैरण्याच्या सर्जननं घाण म्हणून कड कापली.
कापली तेवढी जखम पुढं सरकली.
परत कापली, परत सरकली,
मोजणी झाली की सिडकोची हद्द सरकायची, तशी.

साखर नव्हती.
जिन्यात धोंडिबा म्हणाला,
मापात पाप केलं असशील लेका!
तो हसला.
त्या रात्री मला जुईनगरची खानावळवाली आठवली.
अडत्यानं डोळा केला होता
आणि मी गोणीआड अंगठा टेकवला होता काट्यावर.
डाव्या पायाचा.
हाच पाय.

वाशीच्या रेगेबाई जखमेचा मध्य बघेचनात,
कड बघत राहिल्या.
जांभळी, आतून पोखरलेली,
जुन्या कांद्याच्या सालीसारखी.
म्हणाल्या, हिला आता कुणी ब्लेड लावायचं नाही.
घाण नाहीये ही. रक्ताला विचारू.

रक्त काढलं तिथं, कोपरात,
दुसऱ्या दिवशी पुळी.
बघा, बाई म्हणाल्या, उत्तर आलंच.

मग पालथं निजवून
कमरेच्या हाडातला मगज ओढला.
भूल कातडीला होती, ओढीला नव्हती.

काका, आत माप चुकतंय.
पेशी अर्ध्याकच्च्या बाहेर पडतात
आणि घरच्यालाच चावतात.
मी विचारलं, कुणाचं पाप म्हणायचं हे?
त्यांना ऐकू आलं नसावं,
गोळ्या लिहीत होत्या.

गोळ्यांनी तोंडाचा भोपळा झाला.
मार्केटातले म्हणाले, बसून खाणं मानवलंय.
शेवंता रोज पट्टी भिजवून
ती आपसूक सुटायची वाट बघत बसायची.
ओढायची नाही.
इतका वेळ ती माझ्या पायाशी कधी बसली नव्हती,
मी तिच्याशीही नाही.

पाच महिन्यांनी भरली जखम.
वरची कातडी पातळ, चाळणीसारखी.
मगज आहे तसाच.

दर महिन्याला दोन नळ्या रक्त देतो,
खिडकीतून कागद घेतो,
पांढऱ्या इतक्या, प्लेटलेट इतक्या.
आकड्यांवरून बोट फिरवताना
उगाच खाली वाकून बघतो,
कुणाचा अंगठा तर टेकला नाही ना.