प्रमिलाबाईंचं वाक्य

दांडिया बाजार. खाली झेरॉक्स, वर माझा क्लास.
संध्याकाळच्या बॅचची सगळी पोरं कॅनडाला निघालेली,
आणि पहिल्या बाकावर प्रमिलाबाई खानविलकर, वय सदुसष्ट.
मुलाकडे जायचंय. व्हिसाच्या खिडकीत अडखळायला नको.

वहीत त्यांनी लिहिलं होतं:
आय ॲम मॅरीड विथ भालचंद्र.
मी लाल पेनानं विथ खोडला, वर टू लिहिला.
"का हो सर? लग्न त्यांच्याशीच झालं ना?
शी म्हणजे विथच की."

मी फळ्याकडे वळलो.
ही मॅरीड मी, यात मध्ये कोणी लागत नाही.
मॅरीड होऊन बसलं की मात्र टू.
विथ चालतो, पण मुलाबाळांपुरता:
मॅरीड विथ टू चिल्ड्रन.
मागच्या बाकावर जिगर पारेख खुसखुसला.

बाई हसल्या नाहीत. पेनचं टोपण ओठांवर धरून म्हणाल्या,
"म्हणजे ला.
फलटणची पोर बडोद्याला दिली, तसं.
माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पत्ता रंगवला होता
सासरचा. माझं नाव राहूनच गेलं."

बरोबर, मी म्हणालो.
व्याकरण शिकवणारा दुसरं काय म्हणणार.

त्यांनी टू गिरवला. दोनदा.
"एकतीस वर्षं टूच होते सर.
ते काच कारखान्याच्या शिफ्टमध्ये, मी सासूबाईंच्या.
मग रिटायर झाले. आणि एकदा सूरसागरच्या कठड्यापाशी
सेवउसळीची प्लेट हातात धरून विचारतात,
तुला तिखट चालतं का गं?
तिथून पुढं नऊ वर्षं विथ."

खालचं मशीन कुणाचातरी जन्मदाखला काढत होतं,
उजेडाची पट्टी जिन्यावर येत होती, जात होती.
"अने हवे?" जिगरनं विचारलं.
एक ठेवून द्यावीशी वाटली त्याला.

"आता फॉर्मवर विडो लिहिलंय मुलानं.
त्याच्यापुढं काय लागतं सर?"
ऑफ.
"दिवा बंद करतात तो?"
नाही, तो दोन एफचा. हा एकच.
"एकच," म्हणत त्यांनी लिहून घेतलं,
आणि वही पुढं सरकवली तपासायला.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं,
चूक पुढच्या शब्दात नव्हतीच नुसती.
आय ॲम.
लाल पेन उघडं होतं.
मी खाली बरोबरची खूण केली, तारीख घातली,
वही परत दिली.