दहा खटके

नोव्हेंबरात तुर्कूला दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
वेइयोच्या तळघरात ते विझतच नाहीत.
दर गुरुवारी लोक तिथे येतात
मुके रेडिओ, बहिरे टेलिफोन बगलेत मारून.
त्या दिवशी हिल्पा आली,
ढकलगाडीत कॉम्प्युटर, वर लोकरी शाल,
आजारी मांजर डॉक्टरकडे न्यावी तशी.

"पडदा गेला," ती म्हणाली, "बाकीचा जिवंत आहे.
सकाळी बटण दाबते, तो सूर लावतो,
मग आम्ही दोघं अंधारात बसतो."

वेइयोकडे एक मॉनिटर होता,
बंदर कचेरीतून भंगारात निघालेला,
पाठीला पोक, वजन वासराइतकं,
कपाळावर अजून चिकटलेली सूचना :
वर कॉफी ठेवू नये.
दोघांना एका टेबलावर बसवलं.
ओळख ना पाळख.
याच्या तोंडाला पंधरा पिना, त्याच्याही पंधराच,
पण याच्या दोन ओळींत, त्याच्या तीन.
आकडा जुळला, लग्न लागेना.

मग ड्रॉवरमधून निघाला
काड्यापेटीएवढा अडॅप्टर.
पाठीवर दहा खटके, पांढरे, तांदळाच्या कणीएवढे.
कोणता वर, कोणता खाली, हे सांगणारा कागद
कंपनीबरोबरच बुडालेला.

"असं आहे," वेइयो चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला,
"जाग आली की हा आधी विचारतो, समोर कोण?
तीन तारा त्यासाठीच राखून ठेवल्यात.
उत्तर आलं नाही तर चित्र पाठवतच नाही.
भिंतीशी कोण बोलेल?"
"आणि ही डबी काय करते?"
"खोटं बोलते. आणि रेटून बोलते.
म्हणते, मीच तुझा जुना पडदा."

चौथा खटका वर. अंधार.
चौथा, पाचवा. अंधार, आणि आत कुठेतरी टक्.
दुसरा, सातवा, आठवा :
तिरक्या रेघा, मोज्याचं विणकाम उसवावं तशा.

हिल्पा चाळीस वर्षं दुभाषी होती,
बंदरावर, कोर्टात, बाळंतिणींच्या वॉर्डात,
एस्टोनियन या कानात, फिनिश त्या तोंडात.
दोन घरचा पाहुणा उपाशी,
हे तिला कुणी शिकवायला नको होतं.
"खोटं नसतं ते," ती म्हणाली.
"एका खलाशाची आई वारली. फोन मी घेतला.
तिकडून सगळं एका दमात आलं.
मी त्याला तीन वाक्यांत दिलं, मध्ये पाणी पाजून.
मजकूर तोच. वेग त्याला झेपेल तो."

वेइयोला हे पटलं नाही.
पण त्याचा हात थांबला.
"वेग," तो स्वतःशीच म्हणाला.
"आपण याला सगळ्यात मोठ्या पडद्याचं नाव सांगतोय.
लहानाचं सांगून बघू."

तिसरा. सहावा. बाकी सगळे खाली.
सूर लागला,
आणि काच हळूहळू उजळली,
आधी शेवाळासारखी हिरवी,
मग वेइयोने केबल जरा दाबून धरली तेव्हा
पांढरी.

वर घड्याळात : एक जानेवारी एकोणीसशे चार.
आतली बॅटरी मेली की हा तिथेच जाऊन बसतो.
तेव्हा इथे झारचं राज्य होतं,
या दोघांचे आजोबा शाळेत.

ताइस्तोने उघडी ठेवलेली एकच फाइल.
हिल्पाने खुर्ची पुढे ओढली.
वल्हेकरी मंडळ, वर्गणी, थकबाकीदार.
"रौनो! याने कधीच दिली नसणार."
"काउको. हा तर बुडून गेला."
आणि सगळ्यात खाली, त्याच टाइपात,
खजिनदार ताइस्तो स्वतः.
रक्कम पडद्याच्या उजव्या कडेबाहेर.

वेइयोने मागच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला.
"राहू दे," ती म्हणाली.
त्याने काढला.
"नको. कर."

चित्र आतल्या आत आकसलं, केसभर, केसभर,
आणि आकडा कडेवरून आत आला :
एकशे वीस मार्का.
ते चलनही आता कुठलीच बँक घेत नाही.

वेइयो चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहीत होता,
तीन आणि सहा वर,
विसरायला नको म्हणून.
हिल्पाचा हात
पर्सच्या चेनपर्यंत गेला होता.