लोडवर

उभी असली की गाडी शहाणी.
अंबडच्या शेडमध्ये, पंख्याखाली,
आयडलला काटा जागचा हलत नाही.
बॉनेटवर ठेवलेला चहा
थरथरतो, सांडत नाही.

गायधनी मॅडम म्हणाल्या, घाटात उचक्या देते.
हे चालवतात तेव्हा नाही देत.
हे म्हणतात, तुझ्या मनात आहे.

स्कॅनर लावला.
पोटात एक जुना कोड होता:
सिलिंडर दोन, मिसफायर.
कोड सांगतो कुठे दुखतं.
का, ते त्याला विचारू नये.

मग तन्वीरला घेतलं,
मागे कूलंटचे सहा कॅन, एक मेलेला गिअरबॉक्स,
आणि शिंद्याचा टोल ओलांडून मोहदरी घाट.
तिसरा गिअर, अठराशे आरपीएम,
पाय फळीपर्यंत.
टर्बोनं छाती भरून घेतली
आणि गाडीला ठेच लागली.
एक. मग लागोपाठ दोन.
पिवळा दिवा डोळे मिचकावायला लागला.
तन्वीरच्या मांडीवर आकडे:
पहिला शून्य, तिसरा शून्य,
दुसरा चार, अकरा, सव्वीस.
"खरं बोलत होत्या," तो म्हणाला.

दाब वाढला की ठिणगीला उडी जड जाते.
ती पळवाट शोधते,
आणि केसाएवढी फट सापडली
तरी तिला पुरते.

शेडमध्ये दोनची कॉइल एकला लावली.
पुन्हा घाट. दुखणं दोनमध्येच.
दोनचा प्लग तीनला.
पुन्हा घाट, पुन्हा टोल,
तन्वीर पावत्या घडी करून खिशात ठेवतो.
या खेपेला तीन धडपडला.

काढला, पुसला, उन्हात धरला.
पांढऱ्या चिनी मातीवर एक काळी रेघ,
टोकदार पेन्सिलीनं ओढल्यासारखी,
नखाला लागते न लागते.
अशी रेघ आपोआप पडत नाही.
प्लग पडलेला असतो.

वही काढली. फेब्रुवारी.
तीन प्लग, एक एअर फिल्टर.
अक्षर माझंच.
खांद्यात फोन दाबून मी बोलत होतो,
फरशीवर टिंग झालं,
उचलला, पँटला पुसला, बसवला.
फोन कुणाचा होता, आठवत नाही.
टिंग आठवतं.

तन्वीरला पहिल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं,
पडलेला प्लग मेला समजायचा.
आता तो माझ्याकडे बघत नव्हता.
टॉर्क पाना शोधत होता,
जो त्याच्या हातात होता.

संध्याकाळी मॅडम आल्या, सोबत साहेब.
"काही नाही निघालं ना?" साहेब म्हणाले.
पेट्रोलमध्ये पाणी,
हे उत्तर जिभेवर तयार होतं,
कुठल्याही पंपावर ढकलता येणारं.

"प्लग. माझ्या हातातून पडला होता.
तसाच बसवला."

"म्हणजे होत होतं?" मॅडम.

"होत होतं. साहेब दुसऱ्या गिअरवर चढवत असतील,
म्हणून त्यांना कळलं नाही.
लोडवर होत होतं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.
किल्ली घेतली, स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं.
साहेब जरा वेळ तिथेच उभे राहिले,
मग गाडीला वळसा घालून
पलीकडे जाऊन बसले.

तन्वीरनं बिलात टोल धरला होता,
तिन्ही खेपांचा.
मी खोडला.